दोन कार्बोरेटरचे मनोहरराव

श्री. मनोहर जोगळेकर यांची आणि माझी पहिली भेट नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात झाली, आणि त्याच दिवशी ते माझ्या मनातून उतरले. गौरवग्रंथात असं लिहायचं नसतं, हे मला कळतं. पण या ग्रंथाचं संपादन माझी मुलगी मृण्मयी करते आहे आणि "बाबा, खरं लिहा, गुळगुळीत नको" असं तिनेच बजावलं आहे. तेव्हा तक्रार तिच्याकडे करावी.

झालं असं, की दुकानात दोन कार्बोरेटरच्या जुन्या इंग्रजी गाडीच्या गॅस्केटचा एकच जोड उरला होता. मी हडपसरहून आलो होतो, हे विश्रांतवाडीहून. दोघांचीही गॅरेजं, आणि दोघांकडेही तसलीच गाडी उघडून ठेवलेली. मी भांडायच्या तयारीत होतो. तर हे म्हणाले, "अहो, आपण घ्या. माझं गिऱ्हाईक थांबेल." मी घेतला. दुकानदाराने त्यांच्याकडे असं काही कौतुकाने पाहिलं, की विचारू नका. त्या दुकानात मी त्यांच्याही आधीपासून जात होतो. माझ्याकडे तसं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

आता नव्या वाचकांना कार्बोरेटर म्हणजे काय तेही सांगायला हवं. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पुरवणारा हा भाग. जुन्या काही गाड्यांना असे दोन असतात. दोघांनी सारखी हवा ओढली तर ठीक, नाहीतर गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरते, आचके देते आणि मागच्यांचे हॉर्न सुरू झाले की नेमकी बंद पडते. मग मेकॅनिक काय करतो? स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरवर तुटून पडतो. मनोहरराव तसं करत नाहीत. ते आधी व्हॉल्व्हची फट बघतात, मग प्लग आणि पॉइंट, मग कुठल्या सांध्यातून फुकटची हवा आत शिरते आहे का ते. कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी. तेव्हासुद्धा एक रबरी नळी घ्यायची, तिचं एक टोक कानाशी आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, आणि दोन्हींची फुसफुस सारखी येईपर्यंत ऐकत बसायचं. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर पाटी आहे: "स्क्रू फिरवून आणलेली गाडी मूळ जागेवर आणण्यास वेळ लागेल. घाई असल्यास रिक्षा करावी." पाटी चांगली आहे, मला सुचायला हवी होती.

एकदा एक आयटीतले मोठे साहेब त्यांच्याकडे गाडी घेऊन आले. दोन्ही कार्बोरेटर बदलून टाका, म्हणाले. मनोहररावांनी एका व्हॉल्व्हची फट नीट केली, गाडी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, "आपले कार्बोरेटर उत्तम आहेत. उगाच त्यांना घराबाहेर का काढता?" साहेब इतके खूश झाले, की त्यांनी आपल्या सगळ्या मित्रांना विश्रांतवाडीचा रस्ता दाखवला. हे मला कसं ठाऊक? साहेब आधी माझं गिऱ्हाईक होते.

नव्वदीनंतर काय झालं ते आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. बाजार खुला झाला, नव्या गाड्या आल्या, त्यांच्यात कार्बोरेटरच नव्हता. कंपन्यांची थंडगार सर्व्हिस सेंटर निघाली. मी शहाणपणा केला, व्हील अलाइनमेंटचं मशीन घेतलं. मनोहरराव मात्र रबरी नळी घेऊन बसून राहिले. हा माणूस बुडणार, असं मी चारचौघांत बोलून दाखवलं होतं. आणि मग खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, पोरांच्या हातात पैसा आला. ज्या गाड्या त्यांच्या वडिलांनी भंगारात काढल्या होत्या, त्याच गाड्या पोरं हौसेने शोधून आणायला लागली. आणि त्या सगळ्या विश्रांतवाडीला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नशीब म्हणावं, तर तेही नाही. काम येतं त्यांना. हीच तर पंचाईत आहे.

इथपर्यंतचं मी सोसलं असतं. धंद्यात असं व्हायचंच. पण मृण्मयीनेही तसलीच गाडी घेतली. ती आठवडाभर खराडीला असते, मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतला आहे. रविवार तेवढा घरचा. गाडी तिने थेट माझ्या दारात आणून लावली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! गाडी आचके देत होती. पुढचे कितीतरी रविवार आम्ही बापलेक तिच्यावर खपलो. म्हणजे मी खपलो, ती शेजारी उभी राहून बघत होती. मी काम करताना बोलत नाही, मला सवयच नाही. दोन्ही कार्बोरेटर उतरवले, धुतले, लावले, नळी लावून जुळवले. अगदी तंतोतंत जुळवले. तरी गाडी थरथरतच होती. शेवटी मृण्मयी हळूच म्हणाली, "बाबा, राग येणार नसेल तर एक विचारू? मनोहरकाकांना दाखवू या का?"

राग कसला येतोय! मी म्हटलं, दाखव की. आणि गाडीत जाऊन बसलो, मागच्या सीटवर.

मनोहररावांनी नळी कानाला लावली. पुढचा कार्बोरेटर ऐकला, मागचा ऐकला, परत पुढचा. मग माझ्या मुलीला म्हणाले, "हे कुणी जुळवलेत? बाबांनी? मग यांना हात लावायचं काम नाही. माझ्याच्याने याहून बरं होणार नाही. बिघाड दुसरीकडे आहे." इंजिनातून ब्रेककडे जाणारी एक रबरी नळी असते. ती त्यांनी पकडीने हलकेच दाबून धरली. गाडीची थरथर जागच्या जागी थांबली. नळी खालच्या बाजूने चिरली होती आणि तिथून हवा आत शिरत होती. कार्बोरेटरवरच माझी सगळी हुशारी, म्हणून मी नजर तिथून हलवलीच नव्हती.

आता सांगा, या माणसावर चिडायचं तरी कसं? माझ्या मुलीसमोर माझी शोभा करायची संधी चालून आली होती, आणि यांनी केलं काय, तर माझं कौतुक! तेही खोटं नाही, मनापासून. ते चार शब्द टाकून बोलले असते तर मी घरी येऊन सुखाने जेवलो असतो.

त्या दिवसापासून मृण्मयीचे रविवार विश्रांतवाडीला जातात. काका शिकवतात. काका काम करताना बोलतात, गाणं गुणगुणतात, नळीचं टोक तिच्या कानाशी देऊन विचारतात, "ऐकलंस का? काय म्हणतोय तो?" घरी फोन येतो, "बाबा, आज जेवायला येत नाही, पॉइंट बसवतोय." असे तिथे तिच्यासारखे पुष्कळ जण जमतात, त्यांनीच हा अमृतमहोत्सवाचा घाट घातला आहे. मनोहरराव कुणाकडून शिकवण्याचा पैसा घेत नाहीत, कुणाला पळवूनही लावत नाहीत. हा त्यांचा मोठेपणा. मला तो बघवत नाही, पण आहे तो आहे.

मागच्या आठवड्यात हा लेख लिहून झाला का, ते विचारायला ती घरी आली. गाडी दारात चालू ठेवून म्हणाली, "बाबा, ऐका ना. या वेळी सगळं मी एकटीने लावलंय." मी बाहेर जाऊन उभा राहिलो. चूक काढायचीच, असं ठरवून ऐकलं. अहो, बोनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी हलला नसता. इतकं गोड इंजिन मी स्वतःच्या हाताने फार थोड्या वेळा लावलं असेल. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "छान झालंय," मी म्हटलं. तिचा चेहरा फुलला. माझ्या मुलीच्या हातात माझाच धंदा आला होता, आणि तो तिला दुसऱ्याने दिला होता.

मनोहरराव, पंचाहत्तरी पूर्ण झाली, शंभरीही अशीच दणक्यात पूर्ण करा. आपले गुडघे, डोळे आणि मुख्य म्हणजे कान शेवटपर्यंत धडधाकट राहोत. आपल्या गॅरेजात पोरांची गर्दी अशीच राहो. हे सगळं मी मनापासून म्हणतो आहे, विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. फक्त एक विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी गॅरेज बंद ठेवत चला. मी घरीच असतो.