दगडी कापसाचे डॉक्टर

डॉक्टर वामनराव सोनटक्के यांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली, आणि त्यात चूक माझी नव्हती. त्या वर्षांत आमच्या भागात कापसाचे फार हाल होते. बाहेरून जो येई तो वही उघडून कापसाचेच विचारी. माझे मालक दम लागून अंगणही ओलांडेनासे झाले, म्हणून मी त्यांना मारेगावला वामनरावांच्या दवाखान्यात नेले. त्याआधी दोन डॉक्टर झाले होते. दोघांनीही एकच सांगितले, बिडी सोडा. मालकांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. सोडायची तर आधी धरावी लागली असती, आणि तेवढा दम त्यांच्यात उरला नव्हता.

वामनरावांनी छातीला नळी लावली आणि विचारले, "तीस वर्षांपूर्वी काय काम करत होता?"

मला राग आला. "साहेब, दम आज लागून राह्यला. तुमी जुन्या जमान्याचं काहून विचारता?"

"हे दुखणं पेरलं की तीस-चाळीस वर्षांनी उगवतं, बाई."

"मंग बियाणं चांगलं असन," मी म्हटले. "आमचं तं यंदा तीनदा पेरलं, एकदाबी नाही उगवलं."

मालक हसले आणि खोकले. डॉक्टर हसले नाहीत.

मालक सव्वीस वर्षे जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, बॉयलरवर होते. तिथल्या वाफेच्या नळ्यांना काहीतरी पांढरे, मऊ, केसाळ गुंडाळलेले असे. साहेब लोक त्याला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणत. ते आमच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही त्याला दगडी कापूस म्हणायचो. दगडातून निघतो, कापसासारखा दिसतो आणि जळत नाही. जळत नाही म्हटल्यावर कोणती बाई गप्प बसेल? मी मालकांकडून एक तुकडा मागवला, फडक्यात शिवला आणि चुलीवरून भाताचा तापलेला गंज, म्हणजे पातेले, उतरवायला वीस वर्षे वापरला. आळीतल्या बाया तो बघायला यायच्या.

डॉक्टरांनी विचारल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तो मोठ्या अभिमानाने त्यांच्या टेबलावर ठेवला. साप चावलेल्या माणसाजवळही वामनराव शांत बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या दिवशी ते खुर्चीसकट मागे सरकले. कंपाउंडरला बाहेर काढले, फडक्यावर तांब्याभर पाणी ओतले आणि दोन पिशव्यांत घालून गाठ मारली.

"साहेब, स्वच्छ हाये तो! दर दिवाळीले धुतला मी त्याले."

"कसा धुतलात?"

"कसा म्हंजे? झटकून, आपटून."

"आणि यांचे कामाचे कपडे?"

"ते तं रोजच. पह्यले झटकायचे, मंग धुवायचे."

डॉक्टरांनी डोके धरले. मग खुर्ची पुढे ओढून मला पहिल्यांदा 'पार्वताबाई' म्हणाले आणि सगळे समजावून सांगितले. त्या धुळीतले काटे डोळ्यांना दिसत नाहीत, छातीत रुतले की निघत नाहीत. जिनिंग बंद पडले तरी काटे आपले काम करत राहतात. म्हणून वापर थांबला तरी कितीतरी वर्षे कॅन्सरचे रोगी वाढतच जातात.

नागपूरहून तपासणीचा कागद आला. फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. वामनरावांनी आमच्यापासून काही लपवले नाही. पावसाळा संपायच्या आत मालक गेले. त्यांच्या मृत्यूच्या कागदावर कोणीतरी धंदा लिहिला, शेती. आमच्याकडे विचारायची पद्धतच नाही. धोतर दिसले की शेती. वामनराव स्वतः मोठ्या दवाखान्यात जाऊन बसले, ती ओळ खोडायला लावली आणि 'बॉयलर कामगार, सव्वीस वर्षे' असे लिहून घेतले. मला म्हणाले, "शेती लिहिलं की रोग कशानं झाला ते कुणाला कळतच नाही. मग वर सांगतात, यवतमाळकडे हा कॅन्सर नाहीच."

तेव्हापासून दर रविवारी ते स्कूटरवर वही घेऊन जिनिंगचे जुने कामगार शोधू लागले. महिना झाला, एकही सापडेना. ज्याला विचारावे तो शेतकरी! त्या वर्षांत वहीवाला आला म्हणजे शेतकऱ्यांना मदत मिळणार, असे लोकांना वाटे. अशा वेळी बॉयलरवाला म्हणवून कोण घेतो? डॉक्टर रडकुंडीला आले. मी म्हटले, "वही तुमची, ओळख माही. मले घ्या संगं."

पहिल्याच घरी ओट्यावर शामराव बसला होता. मालकांचा जोडीदार, बॉयलरात कोळसा टाकणारा.

"लिहा साहेब. नाव शामराव, धंदा शेती," तो ऐटीत म्हणाला.

"काहून रे शामराव," मी म्हटले, "कोळपायच्या डवऱ्याले बैल कोण्या बाजूनं जुपतात, सांग बरं?"

शामराव बैल शोधल्यासारखा अंगणात पाहू लागला.

"खोडा, साहेब."

"वैनी, यादीतून नाव काढता काय माह्यं?"

"त्या यादीतून काढून राह्यली, या यादीत घालून राह्यली. इथं दम मोजतात. काढ सदरा."

शामरावच्या छातीत पाणी निघाले. डॉक्टरांनी ते वेळेवर काढवले आणि बिडीही सोडवली. याची मात्र खरोखरच होती. शामराव अजून आहे, डॉक्टरांच्या पंच्याहत्तरीच्या समारंभाला पहिल्या रांगेत बसेल. अशी पाच गावे आम्ही पालथी घातली आणि शेतकऱ्यांचे पुन्हा कामगार केले.

माझ्याही छातीचा फोटो डॉक्टर दरवर्षी काढवतात. अजून स्वच्छ आहे. पहिल्या वेळी तिथल्या मुलीने माझ्या फॉर्मवर धंदा लिहिला, काही नाही. डॉक्टरांनी पेन मागून घेतले, खोडले, लिहिले आणि मला अक्षर येत नाही म्हणून मोठ्याने वाचून दाखवले: "बॉयलर कामगाराचे कपडे धुतले, सव्वीस वर्षे." एवढे कपडे आपटले, पण ते काम आहे हे मला त्या दिवशी कळले.

तर डॉक्टरसाहेब, तुम्हाला पंच्याहत्तरावे लागले म्हणून एवढे लोक तुमचे कौतुक करताहेत, पण खुर्चीत टेकून बसायची वेळ अजून आलेली नाही. माझ्या छातीत पेरलेले उगवते की तेही आमच्या कापसासारखे बुडते, हे पाहायला तुम्ही ठणठणीत हवेत. एक दिवस माझा शेवटचा कागद निघेल आणि धंद्याच्या रकान्यात पुन्हा कोणीतरी 'काही नाही' लिहील. ते खोडायला तुमचाच हात पाहिजे. तेव्हा शंभर वर्षे जगा. मलाही घाई नाही.

— पार्वताबाई ढोके
(सांगितले तसे नात माधुरीने लिहून घेतले)