कारभारणीच्या भिंतीवरचं लग्न

आमची कारभारीण परमुलखातल्या एका लग्नाची वऱ्हाडीण होती. लग्न भिंतीवर, चौकटीत. काचेवरचा चुलीचा धूर पुसताना ती त्या लोकांना सांगायची, "सरका जरा, पुसू द्या."

चित्र तिनं माहेरून आणलेलं. तिची आत्या एका गोऱ्या बाईंकडं कामाला होती. मायदेशी निघताना त्यांनी ते दिलं. येशूच्या आईचं लग्न. इटलीतल्या कुणा जुन्या चित्रकारानं काढलेलं, आमच्याकडं त्याचा छापील कागद. मधे दाढीवाला भटजी नवरा-नवरीचे हात एकत्र आणतोय. नवरा अनवाणी. मागं भलंमोठं देऊळ, मोकळं अंगण. पुढं एक तरणा गडी गुडघ्यावर काठी मोडतोय.

कारभारणीनं सगळ्यांची नाती लावून टाकली होती. नवरा अनवाणी, कारण मेव्हण्यांनी पायताण लपवलं. अंगण मोकळं, कारण पंगत मागल्या दारी बसली. आणि काठी मोडणारा? "नवऱ्याचा मामा. फेट्यावरनं रुसलाय."

मी म्हणालो, "अगं, गोऱ्या बाई तर म्हणायच्या, तो नाकारलेला नवरदेव हाय."

"त्या बाईला काय ठावं? तिचं लगीन झालंया का?"

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमाराला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न पणदऱ्याला आमच्या दारात निघालं. वऱ्हाड पळसदेवाहून बैलगाड्यांनी आलं. आमच्याकडून नवऱ्याच्या काकाला आधी फेटा बांधला गेला. झालं! नवऱ्याचे मामा, सगळे त्यांना तात्या म्हणत, उठले ते गाडीत जाऊन बसले. मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय नवऱ्याचा बाप अंतरपाट धरू देईना. आत बहीण हळदीच्या अंगानं रडतेय. आमच्या आबांनी पाय धरले, मी धरले. तात्या गाडीवानाला म्हणाले, "बैलं जुप."

कारभारणीनं चित्र खिळ्यावरून काढलं, पदरानं पुसलं आणि गाडीपुढं धरलं.

"तात्या, ह्येबी मामाच. लगीन लागतंय, समदी नवरीकडं बघत्यात. ह्याच्याकडं कोण बघतंय का? कवाधरनं काठी मोडतोय, अजून उपाशी हाय."

तात्या गाडीतनं चित्रावर वाकले. "ह्याच्या बहिणीनं तरी समजूत काढायची."

"काढली असती. तवर पंगत उठली."

तात्यांचा चेहरा पडला.

"तुमी रुसा, तात्या. पर जेवून रुसा."

तात्या उतरले. "काठी कशापायी मोडायची? येडं हाय," म्हणाले आणि भाच्याच्या मागं उभे राहिले. लग्न लागलं. तात्या लापशी पोटभर जेवले, हात धुतले आणि पुन्हा गाडीत जाऊन रुसून बसले. शब्दाचा पक्का माणूस.

औंदाच्या थंडीत कारभारीण गेली. झोपेतच. मला हाक मारली नाही, काही नाही. मी कुणाशी बोललो नाही, ताटाकडं बघितलं नाही. पोरांनी हात टेकले. मग पळसदेवाहून तीच बहीण आली, आता पणजी झालेली. ताट पुढं ठेवून शेजारी बसली.

"दादा, वहिनीवर रुसलायस?"

"व्हय."

"बरं केलंस," म्हणाली आणि भाकरी कुस्करायला लागली.

मी जेवलो. हात धुतले. मग भिंतीकडं तोंड करून पुन्हा कारभारणीवर रुसलो. अजून रुसलेलोच आहे.