आधी खरे, मग औषध

श्रीधन्वंतरीच्या आणि कुलस्वामिनीच्या चरणी मस्तक ठेवून हे स्मरण लिहावयास घेतो. आमचे यशवंतराव डॉक्टर गेले, त्याला आता दीड महिना होत आला. त्या दिवशी प्रातःसंध्या आटोपून मी अंगणात आलो, तो फाटकाशी त्यांचा कंपाउंडर रामदयाल उभा. आत ये म्हटले तर येईना. शेवटी मान खाली घालून एवढेच बोलला, “पंडितजी, डॉक्टर साहब नहीं रहे।” आदल्या दिवशी परसवाडा गावाकडच्या एका बाळंतिणीला पाहून ते परतले होते, पहाटे छातीत कळ आली आणि घरच्यांनी दिवा लावेपर्यंत सारे संपले होते...

डॉ. यशवंतराव साठवणे हे मूळचे लालबर्ऱ्याकडच्या शेतकरी घराण्यातले. जबलपुरास शिकून बालाघाटला आले आणि आमच्या मोहल्ल्यात दोन खोल्यांचा दवाखाना मांडून बसले. बोली अखेरपर्यंत गावाकडचीच राहिली. त्यांची एक रीत मला आरंभी विचित्र वाटे. कोणी खोकला घेऊन गेला तर ते खोकल्यावर औषध देत, पण संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन चूल कुठे आहे, धूर कुठून जातो, म्हातारी कुठे निजते, हेही पाहून येत. रोगी नागपुरास मोठ्या दवाखान्यात पाठवावा लागला, तर तिथल्या डॉक्टरांना सविस्तर लिहून देत. तो परत आला की तिथले कागद मांडीवर पसरून त्याच्याच भाषेत, मराठीत नाहीतर हिंदीत, अर्थ लावून सांगत. “नागपूरवाले पाय पायतात, छाती पायतात,” ते म्हणत, “आख्खा माणूस पायाले कोनी तं पायजे ना.” परिचारिका शेवंताबाई, रामदयाल आणि ते स्वतः, या तिघांच्या जिभेवर मोहल्ल्यातली सारी घरे असत.

माझी थोरली बहीण गोदाअक्का बालवैधव्यानंतर माझ्याच घरी राहते. सोवळे कडक, व्रते अखंड, आणि त्यात मधुमेह. दुसरा एखादा डॉक्टर उपवासांवरून तिला रागे भरला असता. यशवंतराव पहिल्याच भेटीत पंचांग मागून घेऊन ओसरीवर तिच्यासमोर बसले आणि एकादशी, प्रदोष, चातुर्मास तिच्याकडून समजावून घेऊन त्याप्रमाणे गोळ्यांच्या वेळा बसवल्या. साबुदाण्याची खिचडी, रताळी आणि शिंगाड्याचा शिरा यांचे वर्णन ऐकून मात्र त्यांनी हात जोडले. “अक्का, तुमचा उपास तं माह्या जेवणापेक्षा जड आहे.” अक्काला आपल्या व्रतांची थट्टा खपत नसे. त्या दिवशी ती पदराआड हसली.

असे काही वर्षे चालले. मग एका वैशाखात मंदिराच्या तापल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालताना तिच्या टाचेला फोड आला, तो फुटला आणि चिघळला. गोळ्यांना साखर आवरेना. यशवंतराव जखम धुऊन उठले आणि म्हणाले, आता इन्शुलिनची इंजेक्शने घ्यावी लागतील. नाहीतर पाय जाईल, कदाचित जीवही जाईल. अक्काने शांतपणे विचारले, “हे औषध कशापासून करतात?”

माझा मुलगा श्रीधर तिच्या पाठीमागे उभा होता. त्याने डॉक्टरांना डोळ्यांनी खूण केली. मलाही वाटले, काहीतरी रासायनिक नाव सांगून हे वेळ मारून नेतील. यशवंतराव खाली, तिच्या पलंगाशी बसले. “जनावराच्या पोटातल्या ग्रंथीपासून करतात, अक्का. हे जे माह्यापाशी आहे, ते गाईबैलांचं आहे.”

अक्काने हात जोडले आणि नाही म्हटले. त्यात राग नव्हता. “पाय जायचा तर जाऊ दे, डॉक्टर. एवढं वय झालं, आता देहासाठी हे नको.”

ओसरीवर श्रीधर डॉक्टरांवर चिडला. एक वाक्य खोटे बोलले असते तर काय बिघडत होते, खरे का सांगितले, म्हणून वाद घालू लागला. यशवंतरावांनी ते ऐकून घेतले. मग चपला घालता घालता म्हणाले, “श्रीधरभाऊ, आज खोटं बोलून सुई टोचली, तं उद्या ह्या घरात माह्यावर कोन विश्वास ठेवन? आन् देह त्यायचा आहे.” श्रीधरने विचारले, मग आता तुम्ही येणार नाही का? ते थबकले. “नाही म्हणल्या म्हणून का त्या माह्या पेशंट राह्यल्या नाहीत?”

आणि ते खरोखर रोज येत राहिले. जखम धूत, पट्टी बांधत, अक्काच्या लहानपणच्या गोष्टी काढत. इंजेक्शनाचा विषय मात्र काढत नसत. इकडे मी ग्रंथ उघडले. आपद्धर्माची, प्राणरक्षणाची वचने काढून अक्कासमोर वाचली. तिने आदराने सारे ऐकले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. “बंडू, मी जगावं म्हणून तू शास्त्र शोधतो आहेस. मला कळत नाही का?” पुढे मला वाचवेना. पायाचा काळेपणा घोट्याकडे सरकत होता आणि तो आम्हा सर्वांना दिसत होता.

एके सकाळी यशवंतराव आले, ते नेहमीप्रमाणे पायाकडे न जाता आधी तिच्यासमोर बसले. म्हणाले, दुसऱ्या एका जातीचे इन्शुलिन असते, गाईचे नव्हे. तेही तुम्हांला चालणार नाही असे धरून मी बोललो नव्हतो. पण ते ठरवणारा मी कोण? म्हणून सांगतो. एवढे बोलून ते क्षणभर अडखळले. “ते डुकराचं असते, अक्का.”

सूनबाईने तोंडाला पदर लावला. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. अक्काचे डोळे मिटलेले, हातात जपमाळ... बराच वेळ एकही मणी पुढे सरकला नाही. मग ती म्हणाली, “पृथ्वी बुडाली तेव्हा तिला वर काढायला भगवंतानं वराहाचंच रूप घेतलं ना? माझा तर एवढासा पाय. आणा.”

यशवंतरावांनी दुसऱ्याच दिवशी रामदयालला गोंदियावरून नागपुरास धाडले. तो थर्मासात बर्फ घालून औषध घेऊन आला. घरी ते ओसरीच्या कोपऱ्यात, ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात राहू लागले. देवघराकडे नाही, हे अक्काने ठरवले. प्रायश्चित्ताची गोष्ट निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, खुशाल करा, फक्त उपास सोडून दुसरे काही. अक्काने विचार करून जन्मभरासाठी गोड सोडले. डॉक्टरांना हसू आवरेना. “हेच तं मी कितीक वर्सापासून मागून राह्यलो होतो.” पाय वाचला. पावसाळा सरता सरता ती काठी टेकत स्वतः विहिरीपर्यंत गेली. त्या दिवशी डॉक्टरांनी आमच्याकडे आपण होऊन चहा मागितला.

दीड महिन्यापूर्वीच्या त्या सकाळी रामदयाल फाटकातून वळला आणि घरात प्रश्न उभा राहिला, अक्काला कसे सांगावे? श्रीधर म्हणाला, तूर्त बाहेरगावी गेले म्हणू. बोलता बोलता तोच थांबला. मग मी आत गेलो आणि जसे झाले तसे सांगितले. तिने विचारले, “त्रास झाला का?” मी म्हटले, थोडा झाला. तिने डोळे टिपले नाहीत, तशीच बसून राहिली.

काही वेळाने शेवंताबाई अक्काचे रोजचे इंजेक्शन द्यायला आल्या. त्या डॉक्टरांच्या घरूनच, त्यांचा देह ठेवलेल्या खोलीतून, उठून आल्या होत्या. इतक्या वर्षांत एकही इंजेक्शन यशवंतरावांनी किंवा त्यांच्या माणसांनी विचारल्यावाचून दिले नव्हते. होकार आला की सुई, हा त्यांचा शिरस्ता. शेवंताबाईंनी औषध भरले, दंड पुसला आणि विचारले, “अक्का, देऊ काय?” अक्काने नुसता दंड पुढे केला. शब्द येईना. शेवंताबाई सुई हाती धरून तशाच उभ्या राहिल्या. डोळे वाहत होते, हात मात्र स्थिर होता... बऱ्याच वेळाने अक्का म्हणाली, “दे, बाई.” तेव्हाच सुई टोचली गेली.

वाचकहो, आपल्या घरात आरोग्य नांदो, वडीलधाऱ्यांना सुखाची झोप आणि लेकरांना उदंड आयुष्य लाभो. आणि आजारपणाने कधी उंबरा ओलांडलाच, तर आपल्या माणसाशेजारी खाली बसून खरे सांगणारा आणि त्याच्या होकारासाठी थांबणारा कोणी भगवंत आपल्या दारी धाडो.