आप्पांनी परत केलेला प्रोसेसर

आप्पा गेले तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि मी त्यांचाच चहा गाळत होते. संदीपनं, माझ्या नवऱ्यानं, आतून नुसती हाक मारली... त्या हाकेतच सगळं आलं. गॅस बंद केला आणि आत गेले. दीड महिना झाला या गोष्टीला. आप्पा माझे सासरे. त्यांच्या दहाव्याला माझ्या मोठ्या नणंदबाई, धुळ्याच्या छायाताई, चार बायकांसमोर म्हणाल्या, "हिनं तोंड उघडलं नसतं तर आप्पा अजून असते." तेव्हापासून त्या माझा फोन उचलत नाहीत. आता तोंड मी उघडलं होतं हे खरंच आहे, नाकबूल कशाला करू? पण का उघडलं ते सांगायचं तर मला आमच्या जुन्या कॉम्प्युटरपासून सुरुवात करावी लागते. हसू आलं तर हसा, पण ऐका.

आप्पा पारोळ्याकडचे, बोली शेवटपर्यंत अहिराणी. विशीत सुरतेला आले आणि पुढची अडतीस वर्षं बमरोलीच्या लूम खात्यांत, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांत गेली. आधी कारीगर, मग मास्तर. लूमच्या खडखडाटात उभं राहून नुसत्या आवाजावरून कुठल्या मशीनचं काय दुखतंय ते सांगायचे म्हणे. त्या आवाजानंच कान अधू झाले, पण घड्याळाचा नाद सुटला नाही. कुकरची शिट्टी किती वेळानं झाली, दूधवाला किती मिनिटं उशिरा आला, सगळं मनगटावर बघून सांगायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला हे फार जाचक वाटायचं. भाजी फोडणीला टाकली की मागून आवाज, "चार मिनटं झाली वं." जीव नकोसा व्हायचा. पण माणूस आतून मऊ होता.

मी साड्यांची डिझाइनं करते, कोसाडच्या घरीच, पुढच्या खोलीत. कॉम्प्युटर मी ज्या ऑफिसात होते तिथूनच घेतलेला, दहा वर्षांचा जुना, वजनदार डबा. सॉफ्टवेअरचं लायसन्स त्याच्या मदरबोर्डला बांधलेलं, म्हणून नवा डबा घेणं परवडणारं नव्हतं. आणि गेल्या वर्षी डिझाइनच्या फाइली एवढ्या जड व्हायला लागल्या की पदर, काठ आणि अंग जुळवून पूर्ण साडी बांधायची म्हटली की स्क्रीन थिजून जायची. मी ज्यांचं काम करते त्या शेठनं सरळ सांगितलं, संध्याकाळपर्यंत फाइल देत असाल तर घरी करा, नाहीतर ऑफिसात येऊन बसा. ऑफिस रिंगरोडला, मुलगी पाच वर्षांची. घरी बसून करायचं काम सुटलं असतं तर मी कामच सोडलं असतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याच बोर्डावर बसेल असा मोठा प्रोसेसर घालणं, एवढा एकच रस्ता होता.

"मी निवडसू," आप्पा म्हणाले. संदीपनं कपाळावर हात मारला. पण आप्पांनी स्टूल घेतलं, माझ्या पाठीमागं ठेवलं आणि तीन दिवस तिथं बसले. मी कुठं थांबते, किती थांबते, सगळं वहीत. पूर्ण साडी बांधायला नऊ मिनिटं लागत होती. मग नातीच्या मदतीनं फोनवर व्हिडिओ बघितले आणि त्यांना कळलं की प्रोसेसरमध्ये कोअर असतात, म्हणजे काम करणारे हात. आपल्यात चार आहेत, बाजारात बारावाला मिळतो. बस्स. अडतीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं होतं? चार लूमचं खातं आणि बारा लूमचं खातं, कापड कुठं जास्त निघेल? त्यांना इतका आनंद झाला होता की ते जेवतानाही तेच बोलत होते.

दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार भला माणूस. मी काय काम करते ते विचारून आप्पांना म्हणाला, "काका, आ सॉफ्टवेअर एक ज कोअर वापरे छे. बार लेशो तो अगियार बेसी रहेशे." अकरा कोअर नुसते बसून राहतील, हे मलाही ठाऊक होतं. साडी बांधताना स्क्रीनवर एकच रेघ वर चढते, बाकीच्या आडव्या पडलेल्या असतात, हे मी रोज बघत होते. पण आप्पांना ऐकू नीट आलं नाही, आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. परक्या माणसासमोर सासऱ्याला कसं म्हणायचं, तुमचं चुकतंय? आमच्याकडं नाही म्हणत. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. आणि बारावाला प्रोसेसर घेऊन आम्ही घरी आलो.

बसवल्यावर आप्पांनी विचारलं, कसा चालतो? मी म्हटलं, "खूपच फास्ट झाला, आप्पा." त्यांनी मान हलवली. पुढचे तीन दिवस मी त्यांना चहाला, भाजी निवडायला, कशाकशाला उठवत होते, साडी बांधायच्या वेळी ते मागं नसावेत म्हणून. चौथ्या दिवशी दुपारी ते स्टुलावरून उठलेच नाहीत. मी बटण दाबलं, त्यांनी मनगट वर केलं. काम संपल्यावर पुन्हा घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "नऊ व्हती, नऊच शेत. तू माले काबरं सांगं नही?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी रडत रडत सगळं सांगितलं, दुकानदार काय म्हणाला तेही. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी म्हातारा शे, येडा नही. आते कधी मी विचारं तर खरं सांगजो. माले वाईट वाटी म्हणून खोटं नको." मी हो म्हटलं. त्यांना चुकल्याचं वाईट वाटलंच नव्हतं. मी त्यांची समजूत काढत होते, ते त्यांना लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः प्रोसेसर परत घेऊन गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं असताना म्हणाले, गलती मेरी है, बहू को मालूम था. आणि मग त्या माणसापुढं बसून शिकले. एक साडी एकच लूम विणतो, बाजूला अकरा उभे केले तरी ती लवकर निघत नाही. आपल्याला लूम जास्त नकोत, एक लूम जोरात पळणारा हवा. हे त्यांनीच मला घरी येऊन समजावलं, जणू मला माहीतच नव्हतं. या वेळी आणलेल्या प्रोसेसरला कोअर सहाच होते, पण एकेकाचा वेग जवळजवळ दुप्पट. फाइल साडेपाच मिनिटांत बांधून झाली. आप्पांनी घड्याळ दोनदा बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. काम घरीच राहिलं.

पुढं सहा महिन्यांनी त्यांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी संदीपला आणि मला आत बोलावून सांगितलं, गाठ यकृतात पसरली आहे, दोन-तीन महिने. संदीप म्हणाला, आप्पांना कळता कामा नये, खचतील. ताईंनाही कळवायचं नाही, त्या फोनवरच हंबरडा फोडतील. मी मान डोलावली. मग संदीप औषधं आणायला गेला आणि बाहेरच्या बाकावर मी आणि आप्पा दोघंच राहिलो. त्यांनी समोर बघतच विचारलं, "किती दिन?"

मी काय करायला हवं होतं? नवऱ्याला मान डोलावून पाच मिनिटंही झाली नव्हती. पण मागच्या वेळी त्यांच्या तोंडावर जे मी बघितलं होतं ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. मी सांगितलं. दोन-तीन महिने. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला... संदीप आला तेव्हा म्हणाले, चला, भूक लागली. संदीपला हे कळलं शेवटच्या आठवड्यात, आणि त्याच्याकडून ताईंना. मी सांगितलं एवढं ताईंना कळलं. कधी सांगितलं, ते कळलं नाही.

ताई, पेपरची ही पुरवणी तुमच्याकडं दर रविवारी येते, म्हणून इथं लिहिते. आप्पांनी तुम्हाला फोन करून आठ दिवस बोलावलं होतं, आठवतं? तुम्ही त्यांच्या डोक्याला तेल लावत होता आणि ते आपणहून म्हणाले होते, दहावीनंतर तुझी शाळा सोडवली ते माझं चुकलं. दहाव्याला तुम्हीच हे सगळ्यांना सांगत होता, तीस वर्षं वाट बघितली त्या एका वाक्याची, आप्पांना सहज कसं सुचलं कुणास ठाऊक, असं म्हणत. तो फोन बाकावरच्या त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लावला होता. मी शेजारीच होते. फोन ठेवून ते मला म्हणाले, "तिले आते नको सांगू, आठ दिन रडत बसी. मंग सांगजो." म्हणून आत्ता सांगतेय. सहज नव्हतं ते, ताई.