कोपऱ्यातली सही

वहाबचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात संगणकावर लग्नपत्रिका मांडत होते. देऊळघाटहून त्यांची सून बोलत होती, "ताई, अब्बा सकाळी गेले..." त्याला आता महिना होत आला.

वहाबचाचा पाट्या रंगवणारे पेंटर. बुलढाण्यात मी डीटीपीचं दुकान टाकलं, म्हणजे खरं तर त्यांच्याच पोटावर पाय दिला. आणि हा माणूस शिडी खांद्यावर घेऊन माझ्या दारात हजर! "तुह्या दुकानाची पाटी मीच लिवतो, बेटा." अक्षराकडे पाहायचं कसं, हे मला त्यांनीच शिकवलं. वर निळीची सुतळी ताणायची, चट्कन सोडायची आणि उमटलेल्या रेषेला अक्षरं टांगायची. शेवटी खाली कोपऱ्यात सही, 'वहाब, देऊळघाट'. पुढे फ्लेक्स आले आणि बाजारातल्या त्या सह्या एकेक करून झाकल्या गेल्या. बाजारातून जाताना मान वर करायचं चाचांनी सोडून दिलं. मला फार लागायचं ते.

मग माझ्याकडे एक भलतंच काम आलं, एका अभ्यासकाला फॉन्ट करून हवा होता. ग्रीकांची एक फार जुनी लिपी, मातीच्या पाट्यांवर कोरलेली. संगणकात अक्षराला कायमचा नंबर असतो, तसे या लिपीच्या चिन्हांनाही मिळालेले. त्या नंबरांवर बसवायला आकार हवे होते. मी सरळ चाचांचं घर गाठलं. 'का'ला एक चिन्ह आणि 'की'ला साफ वेगळं, हे ऐकून ते चक्रावलेच. "काना-वेलांटी नाही? मंग याहीनं एवढाले अक्षर पाठ केले तरी कसे!" पण हातात ब्रश आला आणि गडी खुलला.

कागद स्कॅन करून मी एक ओळ टाईप केली आणि हसतच सुटले. चाचांनी सवयीनं सगळी अक्षरं वरच्या रेषेला टांगली होती! ती उभी हवी होती खालच्या रेषेवर. बुटकी अक्षरं तर दोरीवरच्या कपड्यांसारखी लोंबत होती. चाचांनी चष्मा पुसून पाहिलं. "अरे, हे तं हवेत लटकून राह्यले!" माउसनं खाली ओढते म्हटलं, तर ऐकेनात. ब्रश घेऊन सगळी पुन्हा लिहिली.

शेवटचा कागद देताना ते थांबले. "सही कुठी करू?"

अक्षरांच्या तक्त्यात सहीला कोपरा कुठला... पण फॉन्टच्या माहितीत घडवणाऱ्याच्या नावाची जागा असते. मी म्हटलं, "तिथं लिहिते. पण मुद्दाम उघडल्याशिवाय कोणाला दिसणार नाही, चाचा."

"नाही दिसली तं नाही दिसली. तिच्यावर कोणी फ्लेक्स तं नाही लावत?"

"नाही."

"मंग लिव."

त्यांचे उपकार फेडायची माझी काय ऐपत! एक कोपरा तेवढा देता आला.

त्या दिवशी सुनेचा फोन ठेवला, पत्रिका बंद केली आणि तो फॉन्ट उघडला. सगळी अक्षरं आपापल्या पायांवर नीट उभी. माहितीचा चौकोन उघडला. 'वहाब, देऊळघाट'.

आहे, चाचा. कोणी झाकली नाही.