ॲप्रिकेट आणि कुरडई

उभ्या आयुष्यात मी एकच इंग्रजी क्रियापद मनापासून शिकलो, आणि त्यापायी बायकोच्या निम्म्या कुरडया तुडवल्या.

आमची लेक मधू स्कॉटलंडला नोकरीला. दोन वर्षं घरी आलेली नाही. त्या दुपारी मी इस्लामपुरात आमच्या गच्चीवर असताना तिचा व्हिडिओ कॉल आला.

"आप्पा, आज एक शब्द घावला. ॲप्रिकेट! म्हंजे ऊन खात बसणं. लॅटिनमधनं आलाय. ॲप्रिकस म्हंजे उन्हातलं."

"एवढ्यासाठी लॅटिनपतोर गेली व्हय ही माणसं? तुझा आजा पारावर दिवसभर ॲप्रिकेटच करायचा की!"

ती हसली. मग हळूच म्हणाली, "हितं ऊनच न्हाई ओ आप्पा. जरा दावा की तिकडचं."

लेकीनं ऊन मागितलं! (सोनं मागितलं असतं, तर मी तिच्या आईकडं बोट दाखवलं असतं.) मी फोन आभाळाकडं केला.

"डोळं दिपलं! नारळाचं झाड दावा."

मी मागं सरलो.

"आजून थोडं!"

आणखी सरलो. (ती बघत होती, म्हणून मी तसाच उलटा पलूसपर्यंतही गेलो असतो!) तोच टाचेखाली काहीतरी मऊ, गार लागलं.

"आवं!" जिन्यातून बायको कडाडली. "कुरडया हायत त्या! लेकीसाठनं घातल्यात न्हवं!"

शेजारचा संदीप येत्या आठवड्यात तिकडंच निघाला होता, त्याच्याबरोबर त्या जायच्या होत्या. दचकून मी पाय उचलला, तो दुसऱ्या ओळीत पडला. तोल जाऊन बसलो, तो थेट तिसऱ्या ओळीत! फोनमध्ये मधू हसून हसून रडायला लागली. मग नुसतीच रडत राहिली.

"आई, तुमच्यात येऊन बसावंसं वाटतंय गं."

बायकोनं माझ्या हातातला फोन घेऊन पदरानं त्याची काच पुसली.

धड उरलेल्या कुरडया वाळल्या, बांधल्या, गेल्या. माझ्या टाचेचा ठसा उमटलेली कुरडई तेवढी बायको फेकून देणार होती. पण मग तिकडून मधूचा फोन आला, "आप्पा, तुमची टाच पोचली!"

मी बायकोकडं पाहिलं.

"चुकून गेली आसंल," म्हणत ती तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली.

"मधू, तळू नगंस गं ती!"

"खुळी हाय का मी? खिडकीत ठेवलीया. आज लय दिसांनी ऊन पडलंय."

म्हणजे पासपोर्ट नाही, विमान नाही, आणि स्कॉटलंडात लेकीशेजारी ॲप्रिकेट करत बसलंय कोण? माझी टाच! बाकीचा मी इथंच गच्चीवर, तोही कुरडयांपासून लांब बसायच्या अटीवर!