एकाच नावाच्या दोन जावा

सरकीचा वास आला की दारव्ह्यातलं जिनिंगशेजारचं ते इंटरनेट कॅफे आठवतं. कापूस मातीमोल झाला होता त्या वर्षी; सरकारी खरेदीत विक्रीच्या नोंदणीसाठी मावशीचं खातं उघडायचं होतं. तिथलं यंत्र नावातले काने-मात्रे गाळून टाकी, आणि उरलेल्या अक्षरांचं खातं म्हणे आधीच होतं. "कोणाचं?" मावशीनं विचारलं. कॅफेवाल्यानं बाकड्यावरच्या तिच्या थोरल्या जावेकडे बोट केलं. शेताच्या वाटणीपासून दोघी बोलत नव्हत्या. "मशीनले तुम्ही दोघी एकच दिसून राह्यल्या," तो म्हणाला. मावशी भांबावून माझ्याकडे बघत राहिली. जाऊ जराशी सरकली. "बस वं. माह्याच खात्यावर इक तुहा कापूस." मावशी बसली; का, ते तिलाही कळलं नसावं. अजूनही कुठे खातं उघडताना माझं नाव आधीच घेतलेलं निघालं, की मी शेजारी कोण बसलंय ते बघतो.